तरू का जळतं? खारवट-चोपण रानातील भाजीपाल्याची रोपे



या पानावर आम्ही नेहमी उसाविषयी लिहितो. लागणीची वेळ, बेण्याची निवड, खतांचे हप्ते, खोडव्याची निगा हे विषय आता आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ झाले आहेत. या वेळी मात्र मिरची, टोमॅटो, वांगी, कांदा यांच्या रोपांविषयी लिहावयाचे ठरविले आहे. ऊस विकास विभागाला भाजीपाल्याची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण गेल्या दोन-तीन वर्षांत गट ऑफिसवर एक तक्रार वारंवार येऊ लागली आहे. "साहेब, तरू टाकलं, उगवलंच नाही." "उगवलं, पण चार पानांवर आलं आणि करपलं." "रोपं विकत आणून लावली, आठ दिवसांत पाक वाळून गेली." आणि शेवटचे वाक्य बहुतेक ठरलेले असते : "बी बोगस निघालं."

कधी बी खरोखरच खराब असते, नाही असे नाही. पण ज्या गावांतून या तक्रारी येतात त्यांची नावे एका कागदावर लिहून काढली, तेव्हा त्यातली बहुतेक गावे नदीकाठच्या काळ्या, भारी, बारमाही बागायत रानाची निघाली. माळावरच्या हलक्या रानातून अशी तक्रार क्वचित येते. बी तर दोन्हीकडे त्याच दुकानांतून जाते. मग फरक कशात? फरक जमिनीत आणि पाण्यात आहे. त्याचाच विचार येथे करू.

दुखणे जुने आहे

पाटाचे पाणी आणि जमिनीतले मीठ यांची गाठ आजची नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आतच त्या खोऱ्यातील जमिनी खारवत चालल्याचे दिसून आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. पुढे १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. देशपातळीवर याच प्रश्नासाठी कर्नाल येथे १९६९ साली केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली.

कृष्णाकाठी हे दुखणे मागाहून आले. कोयना धरण १९६० च्या दशकात झाले, नदीला उन्हाळ्यातही पाणी राहू लागले, सहकारी उपसा योजना निघाल्या. मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली आणि ऊस गावोगाव पसरला. त्या पाण्यावर आपली घरे उभी राहिली, पोरे शिकली, हे कोणी विसरू नये. पण पाण्याबरोबर दुसरेही काही रानात येत असते, त्याचा हिशेब आपण ठेवला नाही.

तो हिशेब असा. नदीचे गोड पाणीसुद्धा कोरे नसते. समजा, पाण्याची विद्युत वाहकता ०.५ आहे. हे पाणी ओलिताला चांगलेच म्हणावे लागेल. तरीही अशा एका लिटरात सुमारे ३२० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले असतात. एकराला तीन इंच पाण्याची एक पाळी म्हणजे साधारण ३ लाख लिटर पाणी. त्याबरोबर जवळजवळ एक क्विंटल क्षार रानात उतरतात. वर्षात २५ पाळ्या दिल्या तर २५ क्विंटल, म्हणजे अडीच टन. पाणी ऊस पितो, काही उन्हाने उडून जाते, पण क्षार मागे राहतात. निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात ते धुऊन खाली जातात. निचरा नसेल तर जमिनीतील पाण्याची पातळी वर-वर येते. ती चार-पाच फुटांवर आली की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे काळ्या मातीतून खारे पाणी वर चढते. वर आल्यावर पाणी उडून जाते आणि मीठ फुटते. हे सारे जमिनीच्या वरच्या एक-दोन इंचांत घडते, आणि तरवाचे बी पडते ते नेमके त्याच एक-दोन इंचांत.

खारवट आणि चोपण एक नव्हे

आपण बोलताना "रान खारवलं" किंवा "चोपण झालं" असे सरसकट म्हणतो. पण ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे औषधही वेगळे आहे.

खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. उन्हाळ्यात वर पांढरा थर दिसतो. माती त्या मानाने भुसभुशीत राहते. सामू ८.५ च्या आत असतो. शास्त्राप्रमाणे मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता ४ डेसीसायमनच्या वर गेली की जमीन खारवट समजतात. जुन्या अहवालांत हाच आकडा मिलिमोजमध्ये दिलेला असतो, दोन्हींचा अर्थ एकच.

चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो. एकूण विनिमय सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि सामू ८.५ च्या वर, ही तिची खूण. ओली असताना ती चिखलासारखी चिकट, वाळल्यावर दगडासारखी टणक. पाणी दिले की दोन-दोन दिवस वर साचून राहते. मातीतील सेंद्रिय अंश विरघळून वर काळपट तपकिरी साय आल्यासारखी दिसते. काही रानांत ही दोन्ही दुखणी एकत्र असतात, तिला खारवट-चोपण म्हणतात.

घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. काचेच्या ग्लासात पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी घ्यावे. त्यात वाळलेल्या मातीचे हरभऱ्याएवढे ढेकूळ अलगद सोडावे आणि ढवळू नये. दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखे गढूळच राहिले असेल, तर चोपणपणाचा संशय घ्यावा. माती विरघळून तळाशी बसली आणि वरचे पाणी नितळ राहिले, तर चोपणपणा कमी असावा. मात्र जमिनीत मीठही भरपूर असेल तर चोपण असूनही पाणी नितळ दिसू शकते. म्हणून ही परीक्षा फक्त संशय घेण्यापुरती समजावी, निकाल प्रयोगशाळेचाच.

येथे आणखी एक सूचना. प्रयोगशाळेचे बहुतेक अहवाल संपृक्त अर्काचे नसतात. ते एक भाग माती आणि अडीच भाग पाणी मिसळून काढलेले असतात. त्या आकड्याला ४ ची मर्यादा लावू नये. त्या अहवालात वाहकता १ च्या आत असेल तर जमीन सर्वसाधारण. १ ते २ असेल तर उगवणीला धोक्याची. २ च्या पुढे नाजूक पिकांच्या वाढीलाही बाधक. "१.४ आलंय, म्हणजे चारच्या आतच की" असे म्हणून निर्धास्त राहणारे सभासद आम्हाला भेटले आहेत. ऊस त्यात येईल, पण मिरचीचे तरू उगवेलच याची खात्री नाही.

रोपाला नेमके काय होते?

लोणच्याच्या कैरीला मीठ लावून ठेवले की तिला पाणी सुटते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. मीठ पाण्याला आपल्याकडे ओढते. खारवट वाफ्यात बी पडते तेव्हा हाच प्रकार उलट बाजूने होतो. बी फुगायला पाणी लागते, पण मातीतले मीठ ते पाणी सोडत नाही. वाफा ओला दिसतो आणि बी मात्र तहानलेले राहते. मग उगवण उशिरा होते, तुरळक होते, कुठे पुंजके तर कुठे मोकळे. आपण म्हणतो पाणी कमी पडले, आणि तेच खारे पाणी आणखी घालतो.

उगवून आलेल्या रोपाला दुसरा त्रास सुरू होतो. सोडियम आणि क्लोराईड मुळांवाटे आत शिरतात आणि पानांत साठतात. जुन्या, खालच्या पानांचे शेंडे आणि कडा आधी करपतात. रोप खुजे राहते, पानांचा रंग गर्द निळसर हिरवा होतो. सोडियमची गर्दी झाली की मुळांना कॅल्शियम आणि पालाश पुरेसे घेता येत नाही.

चोपण वाफ्यात दुखणे वेगळे. पाणी दिल्यावर माती विरघळून वर पापुद्रा धरतो आणि वाळल्यावर तो इतका टणक होतो की कांद्याचा नाजूक कोंब त्याला फोडू शकत नाही. पापुद्रा उचलून पाहिला तर खाली पिवळे, वेटोळे झालेले कोंब दिसतात. खाली पाणी साचून मुळांना हवा मिळत नाही. सामू चढल्यामुळे लोह, जस्त, स्फुरद जमिनीत असूनही रोपाच्या उपयोगी पडत नाहीत. कोवळी, वरची पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे.

येथे ओळखीत घोटाळा होतो. रोप जमिनीलगत बारीक होऊन कोलमडले, तर ती बहुधा बुरशीची मर असते, तिला बुरशीनाशक लागते. कडा करपणे आणि एकसारखे खुजे राहणे ही मिठाची खूण. त्याला कितीही फवारे मारले तरी पैसे फुकट. चोपण, पाणथळ वाफ्यात दोन्ही एकदम दिसू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

ऊस सोसतो, तरू सोसत नाही

आता ऊस विकास विभाग यात का पडला, याचे उत्तर. अमेरिकेतील मास आणि हॉफमन या शास्त्रज्ञांनी १९७७ साली निरनिराळी पिके किती क्षार सोसतात याचे आकडे एकत्र करून प्रसिद्ध केले. ते आजही जगभर वापरले जातात. त्यांच्या हिशेबाने संपृक्त अर्काची वाहकता १.७ पर्यंत उसाला तोशीस लागत नाही. पुढे प्रत्येक एककाला उत्पन्न सुमारे ६ टक्के घटते. मिरचीची मर्यादा १.५ आणि पुढे दर एककाला १४ टक्के घट. कांद्याची १.२ आणि १६ टक्के. श्रावणघेवड्याची १.० आणि १९ टक्के.

आता एकच रान घ्या, ज्याची वाहकता ४ आहे. तेथे उसाची घट सुमारे १४ टक्के होते. मिरचीची ३५ टक्के, कांद्याची ४५ टक्के आणि घेवड्याची ५७ टक्के. टोमॅटोची मर्यादा २.५ असल्याने वाढलेले झाड उसाच्या बरोबरीने सोसते, पण तेही मोठे झाल्यावर. हे आकडे मोठ्या पिकाचे आहेत. पुष्कळ भाजीपिकांत उगवणीच्या आणि कोवळ्या रोपाच्या वेळी नाजूकपणा याहून जास्त असतो. बीटसारखे पीक, जे मोठेपणी चांगले सोसते, तेसुद्धा उगवताना मिठाला कच्चे असते.

याचा अर्थ काय? एकरी ५० टन येणाऱ्या रानात १४ टक्के घट म्हणजे ४३ टन. शेतकरी म्हणतो, औंदा पाऊस कमी झाला, खत उशिरा पडले, तोड लांबली. घट डोळ्यावर येत नाही. त्याच रानात कांद्याचे तरू टाकले तर मात्र ते पंधरा दिवसांत सांगून टाकते. जमिनीचे दुखणे ऊस दहा वर्षे झाकून ठेवतो आणि तरू दोन आठवड्यांत उघडे करते. म्हणून ज्याचे तरू जळाले त्याने ते भाजीपाल्याचे नुकसान म्हणून सोडून देऊ नये. तो आपल्या उसाच्या रानाचा अहवाल समजावा.

एका घरची हकीकत

एका सभासदाच्या घरची हकीकत येथे सांगणे उपयोगाचे होईल. त्यांच्या संमतीने, नावगाव न घालता सांगत आहोत. नदीपासून जवळ अडीच एकर काळे रान. वर्षानुवर्षे ऊस, मग खोडवा, परत ऊस. उतारा घसरत चालला म्हणून दोघा नवरा-बायकोने ठरविले की एक एकर उसातून काढून मिरची करायची. थोरल्या मुलीचे लग्न पुढच्या वर्षावर आलेले. उसाच्या बिलाला दीड वर्ष थांबणे परवडत नव्हते, हे खरे कारण.

मे महिन्यात बोअरच्या पाण्यावर मिरचीचे तरू टाकले. उगवले चार आणे. दुसरे पाकीट आणून परत टाकले, ते उगवले पण करपले. दुकानदाराशी भांडण झाले. प्रकरण तक्रार अर्जापर्यंत गेले. तिसरे पाकीट आणायला पैसे काढायचे की मिरचीचा नाद सोडून पुन्हा उसाचे बेणे टाकायचे, अशा वेळी आम्ही तेथे गेलो.

बोलता बोलता घरच्या वहिनींनी मोरीजवळचे एक फुटके घमेले दाखविले. पाकिटातले राहिलेले चिमूटभर बी त्यांनी त्यात उकिरड्याच्या खतावर टाकले होते आणि नळाचे उरलेले पाणी त्यावर ओतत होत्या. घमेल्यात तरू दाट, हिरवेगार. वहिनी म्हणाल्या, "बी बोगस असतं तर हितं कसं आलं असतं? मी यांना दोनदा सांगितलं, पर बाईमाणसाचं कोण ऐकतंय?" सभासद मान खाली घालून हसले.

दोन्ही पाणी तपासले. नळाच्या पाण्याची वाहकता ०.४, बोअरची २.६ निघाली. ओलिताच्या पाण्यात २.२५ च्या वर गेलेले पाणी अति खारे धरतात. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला रोज १५ लिटर पाणी धरले तर महिन्यात ४५० लिटर होते. २.६ वाहकतेच्या पाण्यातून त्या एका वाफ्यात महिन्याभरात सुमारे पाऊण किलो क्षार पडले. पाऊण किलो मीठ चूळभर मातीत कालवून त्यावर मिरची उगवा म्हटल्यासारखे ते झाले. मातीचा सामू ८.८ निघाला, म्हणजे खाली चोपणही.

त्या वर्षी त्यांनी तरू वहिनींच्या माहेरी, माळाच्या रानात टाकले आणि रोपे आणून वरच्या अंगाच्या अर्ध्या एकरात लावली. ती जगली. खालचा एकर तसाच आहे, कारण त्याचा इलाज त्यांच्या एकट्याच्या हातात नाही. त्याविषयी पुढे लिहितो.

तरू टाकण्याआधी

पहिली गोष्ट, आधी पाणी तपासावे. स्वच्छ धुतलेल्या बाटलीत, पंप पाच-दहा मिनिटे चालवून मग नमुना घ्यावा. मे-जूनमध्ये विहिरी-बोअरचे पाणी खोल गेलेले असते, तेव्हा ते बहुधा जास्त खारट असते, आणि आपली पावसाळी तरवे नेमकी तेव्हाच पडतात. म्हणून हिवाळ्याच्या अहवालावर विसंबू नये. अहवालात वाहकतेबरोबर शिल्लक सोडियम कार्बोनेटचा आकडाही पाहावा. तो १.२५ च्या आत असेल तर ठीक, २.५ च्या वर असेल तर ते पाणी जमीन चोपण करणारे आहे.

दुसरी, तरवासाठी रान सुधारण्याची वाट पाहू नये. एकराच्या टोमॅटो-मिरचीला गुंठाभर जागा भरपूर होते. तेवढ्यासाठी माळाची तांबडी माती किंवा पोयटा आणि चांगले कुजलेले शेणखत आणून उंच गादीवाफे करावेत. उंची अर्धा फूट तरी असावी. ताजे शेण, कोंबडीखत, लेंडीखत वाफ्यात घालू नये, त्यातही क्षार असतात. रासायनिक खताची मूठ मोकळ्या हाताने टाकू नये.

तिसरी, राख. मुंग्या-किडे लागू नयेत म्हणून वाफ्यावर चुलीतली राख टाकण्याची आपल्याकडे चाल आहे. राख विम्ल असते. आम्लधर्मी मातीत तिचा उपयोग होतो. आपल्या काळ्या मातीचा सामू आधीच आठाच्या आसपास, त्यावर राख टाकणे म्हणजे आगीत तेल.

चौथी, गोड पाण्याची तजवीज. गुंठाभर तरवाला पाणी थोडे लागते. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर एक हजार लिटर पाणी मिळते. एक-दोन वळवांत टाकी भरते. ते पाणी झाकून ठेवावे आणि बी टाकल्यापासून पहिले तीन आठवडे तरी तेच झारीने घालावे. थोडे थोडे, पण वाफा वाळू न देता. वाफा वाळला की मीठ वर येते. वर पाचटाचे किंवा गवताचे पातळ आच्छादन ठेवावे आणि कोंब दिसताच काढावे.

ट्रेमध्ये कोकोपीटवर रोपे करणाऱ्यांनी कोकोपीट धुतलेले असल्याची खात्री करावी. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मुळातच क्षार असतात. हाच नियम एक डोळा पद्धतीने उसाची रोपे करणाऱ्या सभासदांनाही लागू आहे. ट्रेला खारे पाणी घातले तर उसाचे रोपही अशक्तच होणार.

रोप लावताना

रोप फार कोवळे लावू नये. जाड बुडख्याचे, पाच-सहा पानांचे रोप मीठ जास्त सोसते. लागणीआधी चार-पाच दिवस पाणी कमी करून ते काटक करावे. लागण सायंकाळी करावी.

सरी-वरंब्यात मीठ कोठे जमते हे पाहावे. दोन्ही सऱ्यांत पाणी सोडले की ओल वरंब्याच्या माथ्याकडे चढते आणि पांढरे मीठ माथ्यावरच जमते. म्हणून रोप माथ्यावर न लावता बगलेत, पाण्याच्या रेषेच्या थोडे वर लावावे. ठिबक असेल तर मीठ ओल्या गोलाच्या कडेला जाऊन बसते. पहिला हलका पाऊस आला की ते परत मुळांकडे सरकते. म्हणून अशा पावसात ठिबक बंद करू नये, उलट थोडा वेळ चालू ठेवावे. पाऊस पडतोय आणि हा ठिबक चालवतोय म्हणून शेजारी हसतील, हसू द्यावे.

पिकाची निवडही जमीन पाहून करावी. घेवडा, कांदा, गाजर, भेंडी ही खारवट रानात घालू नयेत. पालक, टोमॅटो, कोबी मध्यम. गवार मात्र चांगली सोसते. सुरुवातीला ती घेऊन पाहण्यास हरकत नाही.

मूळ इलाज

वर सांगितले ते तरू वाचविण्यापुरते. रान वाचवायचे तर निचरा हवा. निचऱ्याशिवाय केलेला खर्च पाण्यात जातो, हे स्पष्ट लिहिणे आमचे कर्तव्य आहे.

खारवट रानात चर काढून, बांध घालून, गोड पाणी वा पाऊस मुरवून क्षार धुवावे लागतात. फूटभर खोलीच्या मातीतले बहुतेक क्षार काढायला साधारण फूटभर पाणी त्या मातीतून खाली जावे लागते. भारी काळ्या रानात हे काम सावकाश होते.

चोपण रानात नुसते पाणी मुरवून भागत नाही. तेथे जिप्सम लागते. जिप्समचा कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला हुसकावतो आणि तो सोडियम पाण्याबरोबर चरातून बाहेर जातो. चरच नसेल तर तो जाणार कोठे? तेथेच राहतो. किती जिप्सम घालायचे हे माती तपासूनच ठरवावे, शेजाऱ्याने किती घातले यावरून ठरवू नये. आपल्या जमिनीत चुनखडी भरपूर आहे. तेथे गंधकही काम करतो, मात्र त्याला ओल आणि वेळ लागतो. ताग किंवा धैंचा फुलोऱ्याच्या आत गाडावा. मळी वापरताना ती सल्फिटेशन पद्धतीच्या कारखान्याची असावी, चुन्याच्या कार्बोनेशन मळीचा चोपण चुनखडी रानात उपयोग नाही. पाचट जाळू नये, हे तर आम्ही दर अंकात सांगतोच.

चर उघडे असोत वा जमिनीखालच्या सच्छिद्र पाईपचे, पाणी शेवटी ओढ्यापर्यंत पोचले पाहिजे. आणि गाडे अडते ते येथेच. चर बांधावर थांबत नाही, तो दुसऱ्याच्या रानातून जातो. वर सांगितलेल्या सभासदांचा खालचा एकर याचसाठी अडला आहे. ओढा आणि त्यांचे रान यांच्यामध्ये चुलत्यांची जमीन आहे आणि दोन घरांत बांधावरून बोलणे बंद आहे. चुलत्यांच्या रानातही गेल्या उन्हाळ्यात पांढरे फुटले. पाणी तुंबले की ते सातबारा पाहून तुंबत नाही. आज वरच्याचे तरू जळाले, उद्या खालच्याचा ऊस बसणार, हे दोघांनाही दिसते आहे. दोन्ही घरांशी आमचे बोलणे चालू आहे. अजून होकार आलेला नाही.

शिरोळ तालुक्यात श्री दत्त कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी गट करून सामुदायिक निचऱ्याची कामे केली आणि पडीक पडलेल्या क्षारपड जमिनीत पुन्हा पिके घेतली, ती जरूर जाऊन पाहावीत. एकट्याने पाईप टाकणाऱ्याला जे जमत नाही ते सारा फड एकत्र आल्यावर जमते. आपला कारखानाच याचे उदाहरण नव्हे काय? एकट्या एकराच्या जोरावर कारखाना उभा राहिला नाही, भाग गोळा करून उभा राहिला. निचऱ्याचा चरही तसाच आहे.

सभासदांना विनंती की ज्यांचे तरू गेल्या दोन हंगामांत बिघडले असेल त्यांनी माती आणि पाणी असे दोन्ही नमुने आपल्या गट ऑफिसवर आणून द्यावेत. मातीचा नमुना वाफ्यातला वेगळा आणि रानातला वेगळा, पिशवीवर गट नंबर घालून. एका शिवारातील पाच-सहा सभासद एकत्र आले तर आम्ही स्वतः रानात येऊन पाण्याचा उतार आणि चराची वाट पाहून देऊ. बांधावरचे बोलणे बंद असेल तरी या, मध्यस्थीला आम्ही आहोत. पुढच्या हंगामाचे बी आणण्याआधी एवढे करावे. बियाण्याच्या पाकिटाची किंमत शेकड्यांत असते, रानाची किंमत पिढ्यांत मोजावी लागते.

आपला,
ऊस विकास विभाग